शनिवारची पिसं

१

शनिवारी प्रॅक्टिकलचा शेवटचा वर्ग साडेअकराला सुटायचा. पोरं गेली की जयपाल पाटील ओटा पुसून घ्यायचा, खाकी पाकिटांची चवड कापडी पिशवीत टाकायचा आणि सांगलीच्या स्टँडवर येऊन कुंडलकडची एसटी धरायचा. कुंडलच्या अलीकडं एका फाट्यावर उतरून मैलभर चाललं की त्याचं गाव, आणि गावाच्या आधीच वाटेला लागून थोरल्या भावाचा, पायगोंडाचा, ऊस. जवळजवळ वर्षभर हा नेम चुकला नव्हता.

जयपाल सांगलीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात प्राणिशास्त्राच्या देशिंगकर सरांनी त्याला बोलावून घेतलं. सरांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं की स्वीडनमध्ये शेतकरी बियाण्याला पाऱ्याचं औषध लावायला लागले आणि पुढं त्या मुलखातल्या पाखरांच्या पिसांत पारा सापडला.

"पाटील, पीस ही फार चमत्कारिक वस्तू आहे," सर म्हणाले. "वाढत असतं तोवर देठात रक्त खेळतं. रक्तात जे असेल ते पिसात उतरतं. वाढ पुरी झाली की देठ सुकतो, आणि आत गेलेलं आतच राहतं. पाखरू त्या दिवसांत काय खात होतं ते मग कधीही विचारा. आपल्याकडं उसाच्या बेण्याला तसलंच औषध लावतात ना?"

लावत होते. आणि जयपालनंच ते गावात नेलं होतं. दोन-तीन वर्षांपूर्वी बेणं कुजायला लागलं तेव्हा त्यानं शहरातून लाल पुडीचा डबा आणला, पायगोंडाच्या रानात पिंपातल्या पाण्यात कालवून दाखवला, आणि चावडीपुढं उभं राहून सांगितलं, "बिनघोर वापरा. मी रोज असल्याच औषधांत हात घालतो." शिकलेल्या पोराचा शब्द गावानं उचलून धरला. तेव्हापासून लागणीच्या हंगामात सगळ्या शिवारात ती पिंपं भरून उभी राहायची.

सरांचं काम त्यानं एका बोलीवर घेतलं. झडलेलीच पिसं गोळा करायची. पाखराला हात लावायचा नाही. जैनाच्या घरात दुसरं काही चाललंही नसतं.

पिसं वेचायचं काम मनुबाईनं आपणहून अंगावर घेतलं. पायगोंडाच्या रानात ती वीस वर्षं राबत होती. लागणीच्या दिवसांत पिंपापाशी बसून उसाच्या कांड्या औषधात बुडवून काढायच्या, हे कामही तिचंच. उसात पाणी सोडलं की बगळे उतरायचे, आणि ते उडून गेले की मनुबाई सरीतून वाकत वाकत जाऊन पिसं उचलायची. तिची बांधायची पद्धत ठरलेली होती. सगळी पिसं एका अंगाला तोंड करून लावायची, देठ जुळवायचे, वरून उसाच्या पानाची पट्टी गुंडाळायची आणि लुगड्याच्या काठातून ओढलेल्या हिरव्या दोऱ्याचे तीन वेढे देऊन गाठ मारायची. शनिवारी ती जुडी पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या खिडकीत ठेवलेली असायची, आणि खिडकीखाली सावलीला मनुबाई बसलेली असायची.

"निगालं का काय, धाकलं पाटील?" ती विचारायची.

"अजून न्हाई, मनुबाई."

एकदा त्यानं तिला सरांचं म्हणणं समजावून सांगितलं होतं. तिनं ते नीट ऐकून घेतलं. मग हसून म्हणाली, "पाखराचं बरं हाय की वं. वंगाळ आसंल ते पिसात घालतंय आन् टाकून दितंय. माणसानं कुटं टाकायचं?"

२

पंचाहत्तरच्या जानेवारीत ते निघालं.

परीक्षा सोपी होती. पिसं धुऊन वाळवायची, कातरायची, आम्लात विरघळवायची आणि त्यात एक हिरवं द्रावण घालून हलवायचं. पारा नसेल तर हिरवं ते हिरवंच राहतं. पारा असेल तर रंग फिरतो आणि नारिंगी होतो. वडूजकडून सरांच्या एका नातलगानं पाठवलेली पिसं तुलनेला होती. तिकडं नुसती ज्वारी-बाजरी, ऊस नाही, औषध नाही; ती हिरवी राहिली. मनुबाईच्या जुडीतली पिसं घातली आणि काचेच्या नरसाळ्यात झेंडूच्या पाकळीसारखा रंग उतरला. जयपालनं ती परीक्षा पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा. मग पिसं न घालता कोरी करून पाहिली, भांड्यांचा काही दोष आहे का म्हणून. भांडी स्वच्छ होती.

त्या शनिवारी तो गेला तेव्हा लागण निम्मी झाली होती. मनुबाई पिंपापाशी नव्हती; खिडकीखाली बसून जुडी बांधत होती. दोऱ्याचा पहिला वेढा बसला, दुसरा निसटला. तिनं पुन्हा धरला. बोटं थरथरत होती. मोठा थरथराट नव्हे. वाऱ्यावर पाचट हलतं तेवढाच.

"बोटं सुन्न पडत्यात, धाकलं पाटील," ती म्हणाली. "व्हटाला मुंग्या येत्यात. कालच्याला चालता चालता बांधावरनं पडलो बगा. पायगोंडाआण्णा म्हनत्यात, वात आसंल." मग तिनं मान वर केली. "त्या पिसांत निगालं का काय?"

जयपालच्या तोंडाशी ते आलं होतं. पण पलीकडं पायगोंडा गड्यांना हाका घालत होता, सगळ्या शिवारात पिंपं भरून उभी होती, आणि त्याला चावडीपुढचं आपलं वाक्य आपल्याच आवाजात ऐकू आलं.

"न्हाई," तो म्हणाला. "काय न्हाई निगालं."

"मग वातच आसंल," मनुबाई म्हणाली आणि तिसऱ्या प्रयत्नात गाठ मारली.

सोमवारी त्यानं सरांच्या अहवालासाठी आकडे काढले. आपल्या गावच्या, कृष्णाकाठच्या, पाकिटांत त्यानं वडूजची पिसं घातली होती. काम दोन मिनिटांचं होतं. पाकिटं सारखीच होती, अक्षरही त्याचंच होतं. सगळं हिरवं निघालं. देशिंगकर सर खूश झाले. म्हणाले, "म्हणजे आपल्याकडं धोका नाही. हेही कळणं महत्त्वाचं." पुण्याच्या एका परिषदेत त्यांनी तसा निबंध वाचला, आणि तो छापूनही आला.

मनुबाई लागण संपेस्तोवर पिंपापाशी बसली, आणि शनिवारी जुडी ठेवत राहिली.

३

मे महिन्यात तिनं अंथरूण धरलं. जयपाल एकदा बघायला गेला. तिची जाऊ राहीबाई तिला सांभाळत होती. ती म्हणाली, "आता ऐकू येत न्हाई तिला. आन् बाजूचं दिसत न्हाई, नळीतनं बगितल्यावानी म्होरलं तेवडं दिसतंय." म्हणून जयपाल तिच्या अगदी समोर जाऊन बसला. मनुबाईनं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. तिची बोटं वाकळेवर सारखी चालत होती. काहीतरी उचलत होती, एका ओळीत लावत होती, टोकं जुळवत होती. वाकळेवर काही नव्हतं.

सांगायला तीच वेळ होती. तिला ऐकू येत नव्हतं, म्हणजे सांगणं सोपंही होतं. तो चहा पिऊन उठला.

मृगाच्या आठवड्यात ती गेली. डॉक्टरांनी मेंदूचा वात म्हणून लिहिलं.

त्यानंतर दोन महिने जयपाल गावाकडं फिरकला नाही. सरांचं काम खरं तर संपलं होतं. पण ऑगस्टच्या मधल्या एका शनिवारी वर्ग सुटला, त्यानं ओटा पुसला, आणि पाहतो तो पाकिटांची चवड पिशवीत गेली होती. सवय, तो स्वतःशी म्हणाला. स्टँडच्या भिंतीवर 'अफवा पसरवू नका' असं नव्यानं रंगवलेलं होतं. गाडी लागलेली होती. तो बसला.

दुपारी दीड वाजता तो रानात पोचला. पावसाच्या तोंडावर लावलेला आडसाली ऊस गुडघ्याएवढा झाला होता. मोटार चालू होती. तिचा एकसुरी घुमा आवाज लांबूनच येत होता. रानात माणूस नव्हतं.

खिडकीत जुडी होती.

पानाची पट्टी ओली, हिरवी, त्याच दिवशीची. तीन वेढे. आणि दोरा निसटून पुन्हा बांधलेला, कारण पट्टीवर आधीच्या वेढ्याचा वळ उठला होता.

४

जयपाल विज्ञानाचा माणूस होता. त्यानं सरळ विचार केला. मनुबाईच्या हाताखाली बायका राबत होत्या. कुणीतरी तिचं पाहून शिकलं असणार. त्यानं भावजयीला विचारलं. तिनं कपाळाला आठी घातली. "कसली पिसं? मला काय धंदं न्हाईत?" पायगोंडा म्हणाला, "मनुबाई गेल्यापस्नं मोटारीच्या खोलीची किल्ली माज्याजवळ आसती. खिडकीत कोण काय ठिवतंय, ते मी बगत न्हाई." राहीबाई भांगलायला, तण काढायला, आली होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, "मला न्हाई त्या गाठी येत."

पुढच्या शनिवारी जुडी होती. त्याच्या पुढच्याही. त्यानं एक शनिवार चुकवला. त्यानंतर गेला तेव्हा दोन होत्या, शेजारीशेजारी, देठ एका रेषेत.

फेकून द्यावीत असं त्याला वाटायचं, पण फाट्यापर्यंत येईस्तोवर ती पिशवीत असायची. पाकिटांवर तो तारीख घालायचा, गाव घालायचा. 'गोळा करणार' म्हणून एक रकाना होता. तो कोरा ठेवायचा.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज ओस पडलं. शिपायाकडून किल्ली घेऊन जयपाल एका दुपारी प्रयोगशाळेत गेला. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना ओटे, उलटी घातलेली बाकं. आम्लाचा आणि क्लोरोफॉर्मचा जुना वास. एक नळ नीट बंद होत नव्हता. त्याचा थेंब पत्र्याच्या बेसिनवर पडायचा. जयपालनं ऑगस्टपासूनची पाकिटं ओळीनं मांडली.

पहिल्या पाकिटाला हिरवं द्रावण घातलं मात्र, हलवायच्या आत रंग फिरला. असं व्हायला नको होतं. त्यानं द्रावण पाचपट पातळ केलं, पिसं निम्मी घेतली. दुसरं पाकीट. तिसरं. प्रत्येक पाकीट आधीच्यापेक्षा गडद. सातव्याला नरसाळ्यात उतरलेला रंग नारिंगीही नव्हता, त्याला नाव देता येईना. त्यानं गणित मांडलं, पुन्हा मांडलं आणि पेन्सिल खाली ठेवली. एवढा पारा अंगात घेऊन कुठलंही पाखरू उडू शकलं नसतं. उभंसुद्धा राहू शकलं नसतं.

नळाचा थेंब पडायचा थांबला आहे, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. कधी थांबला ते सांगता आलं नसतं.

शेवटच्या पाकिटातली पिसं बगळ्याची नव्हती. पांढरी नव्हतीच. गव्हाळ, आखूड, वरच्या अंगाला केसासारखी विरळ. त्यातलं एक काचेच्या बशीत ठेवून तो देशिंगकर सरांच्या घरी गेला. सर अंगणात फराळाचं ताट घेऊन बसले होते. त्यांनी भिंग मागवलं आणि पीस उन्हात धरलं.

"हे कुठल्या पाखराचं, पाटील?"

"मलाच ते विचारायचं होतं, सर."

"बगळा नव्हे. कोंबडीचं म्हणावं तर तसंही नाही." त्यांनी भिंग त्याच्या हातात दिलं. "ते राहू दे. देठ बघा."

देठ सुकलेला नव्हता. आत गडद लाल भरलेलं होतं, आणि टोकाशी एक थेंब अजून ओला होता.

"हे झडलेलं नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला होता. "वाढत होतं. जिवंत अंगावरनं उपटलेलं आहे. तुम्ही तर पाखराला हात लावणार नव्हता ना?"

"मी नाही लावला, सर."

"मग कुणी उपटलं?"

सरांनी बशी परत दिली आणि हात धुवायला आत गेले. फराळाचं विचारलं नाही.

५

कोण ठेवतं ते डोळ्यांनी बघायचं, असं त्यानं ठरवलं. डोळ्यांनी बघितलं की प्रश्न मिटतो. प्रयोगशाळेत पोरांना तो हेच शिकवायचा.

डिसेंबरातल्या एका शनिवारी त्यानं कॉलेजात रजा टाकली, सकाळच्या पहिल्या गाडीनं गेला, पायगोंडाकडून किल्ली घेतली आणि अकराच्या सुमाराला मोटारीच्या खोलीत शिरून आतून कडी लावली. खोली दहा बाय आठची. पत्र्याचं छप्पर, भिंतीला स्टार्टर, मधे मोटार, आणि कोपऱ्यात लागणीचं पिंप, झाकण घातलेलं. खिडकी बसलेल्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. तिला गज नव्हते, पल्ला एकच होता आणि तो उघडाच असायचा. खिडकीतून ऊस दिसत होता. आता तो माणसाच्या डोक्यावर गेला होता. जयपाल भिंतीला टेकून, खिडकी तिरकी दिसेल असा बसला. मोटारीच्या घरघरीनं जमीन थरथरत होती आणि ती थरथर त्याच्या पाठीत उतरत होती.

ऊन पत्र्यावर आलं. बारा वाजले असतील. कुणी आलं नाही. आपण किती वेडेपणा करतो आहोत, असं वाटून त्याला जरा बरं वाटायला लागलं होतं.

आणि वीज गेली.

मोटारीचा आवाज हळूहळू खाली आला आणि बंद पडला. इतका वेळ तो आवाज कानात होता की आता शांतता अंगावर आल्यासारखी आली. उसाचं पान हलत नव्हतं. मग त्याला खिडकीच्या खालून, भिंतीच्या पलीकडून, एक आवाज आला.

टच्.

आणि त्याच्यामागून आत ओढून घेतलेला श्वास. कळ आली म्हणजे माणूस घेतं तसा.

पुन्हा, टच्. पुन्हा श्वास.

पोपडा पडत असेल, जयपालच्या मनात आलं. तापलेला पत्रा वाजतो. त्यानं मोजायचा प्रयत्न केला. अकरापर्यंत मोजलं आणि पुढचे आकडे त्याला आठवेनात.

मग खिडकीच्या कट्ट्यावर एक हात आला.

बाईचा हात होता, कामाचा, नखं झिजलेला. बोटांत मूठभर पिसं होती. ती त्या हातानं कट्ट्यावर ठेवली, एकाशेजारी एक, आणि देठ जुळवायला लागला. जुळत नव्हते. बोटं थरथरत होती, पीस घसरत होतं, हात पुन्हा धरत होता. घाई नव्हती, राग नव्हता. झालं पाहिजे ते काम आहे, म्हणून करायचं, असं ते चाललं होतं. मनगटापासून वर कातडीवर सगळीकडं बारीक बारीक टोचे उठले होते, पिसं उपटलेल्या कोंबडीच्या अंगावर असतात तसे. काहींतून रक्त येत होतं. आणि कोपराकडं, जिथवर त्याला दिसत होतं तिथवर, कातडीतून राखी देठ वर निघत होते.

त्यापलीकडं भिंत होती. जयपाल उठून खिडकीपाशी गेला असता तर त्याला पुढचं दिसलं असतं. तो उठला नाही.

देठ जुळले. हात थांबला. थरथर थांबली. मग तो सावकाश उताणा झाला आणि तळवा उघडा ठेवून तसाच पडून राहिला. कुणी काही विचारल्यावर उत्तराची वाट बघतं तसा.

काय विचारलंय ते जयपालला ठाऊक होतं. दर शनिवारी ऐकलेला तो प्रश्न होता. त्यानं तोंड उघडलं. खरं सांगायला उघडलं. पुढं आयुष्यभर तो स्वतःला शपथ घालून हे सांगत राहिला. ओठ आपले नाहीत असे झाले होते, आणि त्या तोंडातून, सवयीनं, शब्द बाहेर पडले.

"काय न्हाई निगालं."

हाताची बोटं एकेक करून मिटली. मग हात कट्ट्यावरून मागं गेला.

वीज आली तेव्हा मोटार दणक्यानं सुरू झाली आणि जयपाल ओरडला. खिडकीत जुडी नव्हती. नुसतीच पिसं होती, एका ओळीत लावलेली, सुटी. बांधलेली नव्हती.

६

सुरू हंगामाची, म्हणजे हिवाळ्यातली, लागण जानेवारीत निघाली. शहात्तर साल. जयपाल शनिवारी रानात पोचला तेव्हा पिंप बाहेर काढून बांधावर मांडलं होतं, आत लाल पूड कालवलेली होती आणि त्याच्यापाशी राहीबाई बाह्या वर सारून बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना कांड्यांचे ढीग. चार-पाच बाया सरीतून पुढं जात होत्या. राहीबाईनं दोन्ही हात कोपरापर्यंत पिंपात घातलेले होते.

जयपालला पहिल्यांदा पिंप लाथेनं पालथं करावंसं वाटलं. पण ते कुठं वाहत जाईल ते त्याच्याइतकं तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं राहीबाईचे हात मनगटाला धरून बाहेर काढले, झाकण उचलून पिंपावर घातलं आणि वर बसला.

"धाकलं पाटील?" राहीबाई म्हणाली.

पायगोंडा धावत आला. "जैपाल! उठ. येडा झालास काय? बेणं वाळाय लागलंय."

"आण्णा, हे इख हाय," जयपाल म्हणाला. "मनुबाई ह्यानंच मेली."

बाया जागच्या जागी उभ्या राहिल्या. आणि मग, पिंपावर बसल्या बसल्या, त्यानं सगळं सांगितलं. नारिंगी रंग सांगितला, तीन वेळा केलेली परीक्षा सांगितली. मनुबाईनं विचारलं तेव्हा आपण काय बोललो ते सांगितलं. वडूजची पिसं सांगितली. फक्त खिडकीतलं सांगितलं नाही. बोलताना त्याचा आवाज सारखा चिरकत होता, शाळेतलं पोर धडा म्हणतं तसा.

पायगोंडा सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "वरीस झालं. माज्या रानात बाया हात घालत हुत्या, मी घालत हुतो. मला तरी सांगायचं हुतंस की रं." त्यानं आपले हात समोर धरून पाहिले आणि तो घराकडं निघून गेला.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. पायगोंडानं त्या सालापासून बेण्याला औषध लावलं नाही. गावात निम्म्यांनी बंद केलं. निम्मे म्हणाले, आधी लावा म्हणाला, आता नको म्हणतो, ह्याचं ऐकायचं कुठवर? देशिंगकर सरांनी त्याचा कबुलीचा कागद वाचून चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "छापून झालंय, पाटील." त्यांनी पुण्याला पत्र धाडलं. त्याचं उत्तर आलं नाही. जयपालनं नोकरी सोडली आणि मिरजेला औषधाच्या दुकानात लागला. तिथं तो बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा आणि गिऱ्हाईकानं न विचारताही, काय पोटात घ्यायचं नाही, काय हाताला लागू द्यायचं नाही, ते दोन-दोनदा सांगायचा. लोक कंटाळायचे.

पण त्या दुपारी, बाया निघून गेल्यावर, राहीबाई तेवढी मागं राहिली होती. जयपालनं कळशी आणून तिच्या हातांवर पाणी घातलं. साबण लावून, पुन्हा. हात लाल ते लालच दिसत होते. तिनं ते लुगड्याला पुसले नाहीत. अंगापासून लांब धरून बसली.

"मनुबाईअक्काला ठावं हुतं," ती म्हणाली.

जयपालनं कळशी खाली ठेवली. "काय ठावं हुतं?"

"तुमी खोटं बोललासा त्ये. तुमी कवाबी तिच्या तोंडाकडं बगून बोलायचा. त्या दिशी हाताकडं बगून बोललासा. घरी आल्यावर मला म्हनली, धाकल्या पाटलांस्नी पिसांत कायतरी घावलंय, पर त्येंच्यानं सांगवंना."

"मग तिनं काम का न्हाई सोडलं?"

"सोडून कुटं जायाचं?"

जयपाल खाली बसला. त्यानं विचारलं, "ठावं असून ती मला पिसं का देत राहिली?"

राहीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तो एवढा शिकलेला माणूस, आणि एवढंही त्याला कळू नये, याचं तिला खरोखरच नवल वाटल्यासारखं दिसलं.

"तुमास्नी लागत्यात म्हनून," ती म्हणाली, आणि ओले हात तसेच लांब धरून गावाच्या वाटेला लागली.